शेजारची शाळा कोणाची?

शिक्षणाचा प्रश्न वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर सहसा येत नाही. निवडणूक, दुष्काळ, ऊस व पाणी यांतून जागा उरली तर तो आतल्या पानावर येतो, आणि तोही बहुधा निकालाच्या दिवशी. आज आम्ही त्यास पहिल्या पानावर स्थान देत आहोत. कारण ज्या विसंगतीकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, ती दरवर्षी जून महिन्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते आणि जुलै उजाडेपर्यंत सर्वांच्या विस्मरणात जाते. एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच गावात, एका शाळेत मुलांना बसावयास जागा नसते आणि दुसऱ्या शाळेत बसावयास मुले नसतात. पहिल्या शाळेच्या दारात प्रवेशासाठी आर्जवे होतात. दुसऱ्या शाळेच्या दारावर कुलूप कधी लागणार याची चर्चा होते. या दोन्ही गोष्टी एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत आणि त्यांवर वेगवेगळे उपचार करीत राहिल्याने दोन्ही बळावत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्राथमिक शाळेतील गर्दी ही केवळ गैरसोय नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3, 120 पर्यंत 4 आणि 200 पर्यंत 5 असे कोष्टकच घालून दिले आहे; सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे 1 शिक्षक सांगितला आहे, आणि प्रत्येक शिक्षकास निदान एक वर्गखोली असावी असेही म्हटले आहे. हे आकडे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून उतरलेले नाहीत. पहिलीच्या वर्गात शिक्षकाने दिवसाचे पाच तास निव्वळ शिकविण्यात घालविले असे धरले, तर 30 मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या वाट्यास 10 मिनिटे येतात. 60 मुलांच्या वर्गात 5. त्यातून हजेरी, पोषण आहार व नोंदवह्या यांचा वेळ वजा घालावा. अक्षर गिरवताना मुलाचा हात धरावा लागतो, वाचताना त्याची जीभ कोठे अडखळते ते कान देऊन ऐकावे लागते. जे मूल घरी शिकलेल्या आईबापांजवळ बसते, त्यास शाळेतील ही उणीव भरून काढता येते. ज्याच्या घरी पाटीवरचे वाचणारे कोणी नाही, त्याचे ते वर्ष वाया जाते, आणि पहिलीतील वाया गेलेले वर्ष पुढे कोणत्याही शिकवणीने परत मिळत नाही.

मग हे कोष्टक असूनही गर्दी का होते? याचे एक कारण सरासरीत दडलेले आहे. समजा, एका शाळेत 90 मुले व 2 शिक्षक आहेत आणि कोसभर अंतरावरील दुसऱ्या शाळेत 15 मुले व 2 शिक्षक आहेत. दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर 105 मुलांस 4 शिक्षक, म्हणजे दर शिक्षकामागे 26 मुले, असे दिसते. कागदावर कायद्याचे तंतोतंत पालन झाले. प्रत्यक्षात मात्र एका शाळेत शिक्षक मुलांस नावाने ओळखू शकत नाही आणि दुसऱ्या शाळेत चार इयत्ता मिळून एक खेळाचा संघ उभा राहत नाही. प्रमाण प्रत्येक शाळेत पाळले गेले पाहिजे असे कायदा बजावतो. परंतु जिल्ह्याची व राज्याची सरासरी हीच सभागृहांतील उत्तरांत मिरविली जाते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्याकडे शाळेस हद्द नाही. ग्रामपंचायतीस हद्द आहे, पोलिस ठाण्यास आहे, शिधावाटप दुकानासही आहे. कोणत्या वस्तीतील मुलाने कोणत्या शाळेत जावे, याची मात्र व्यवहारात कोणतीच रेषा नाही. ज्यास वाहनाचे भाडे परवडते, तो आपले मूल नाव मिळविलेल्या शाळेत धाडतो. ती शाळा फुगते. तिच्यात तुकड्या वाढतात, खोल्या वाढत नाहीत. घराजवळची शाळा रोडावते. मुले कमी म्हणून शिक्षक कमी होतात, आणि शिक्षक कमी म्हणून उरलेली मुलेही निघून जातात. शेवटी त्या शाळेत तीच मुले राहतात ज्यांच्या पालकांपाशी दुसरा मार्ग नाही; आणि ज्या शाळेत केवळ निरुपायाने आलेली मुले असतात, तिच्यासाठी जिल्हा परिषदेत आवाज उठविणारा कोणी राहत नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की, या दुखण्यावरील उपाय कायद्यात आधीच लिहिलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याचा गाभाच मुळी ‘शेजारची शाळा’ हा आहे. आपल्या क्षेत्रातील 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि त्यास शेजारची शाळा उपलब्ध करून देणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून कायद्याने सांगितले. केंद्राने 2010 साली केलेल्या नियमांत तर प्रत्येक वस्तीसाठी शेजारच्या शाळा कोणत्या, हे प्राधिकरणाने निश्चित करून जाहीर करावे, असेही स्पष्ट आहे. महाराष्ट्राने 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर हे अंतर ठरविले. म्हणजे हद्दीची कल्पना परकी नाही, नवीही नाही. ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते, परिसरातील सर्व मुलांची एकच शेजारशाळा असावी अशी शिफारस केली होती. अधिकाऱ्याचे व शेतमजुराचे मूल एका बाकावर बसले म्हणजे शाळेची काळजी वाहण्यास गावातील वजनदार माणसेही पुढे येतील, हा त्यामागचा रोखठोक विचार होता.

आता येडशीचे उदाहरण घेऊ. धाराशिव तालुक्यातील हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, रामलिंगाच्या देवस्थानामुळे व अभयारण्यामुळे दूरवर ठाऊक आहे. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शी–लातूर रस्ता यांची गाठ येथे पडते. गावास रेल्वे स्थानकही आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे दोन टप्पे, सोलापूर ते येडशी आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर (त्या वेळचे औरंगाबाद), याच गावाच्या नावाने ओळखले गेले. अशा गावाचे शैक्षणिक भवितव्य त्याच्या भूगोलाने ठरते. चौफेर वाहने मिळत असल्याने धाराशिव, बार्शी व लातूर येथील शाळा येथील ऐपतदार पालकास दूर वाटत नाहीत. आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील पालकास मात्र येडशीची शाळा हीच शहरची शाळा वाटते. वस्तीवरून गावाकडे, गावातून तालुक्याकडे आणि तालुक्यातून लातूरकडे असा हा ओघ आहे. अशा प्रत्येक पायरीवर वरची शाळा दाटते आणि खालची ओस पडते.

अशा गावी कोणी शाळांच्या हद्दी नव्याने आखावयाचे ठरविले, तर पहिली अडचण किलोमीटरचीच येईल. नकाशावर 1 किलोमीटर म्हणजे कंपासने काढलेले वर्तुळ. परंतु त्या वर्तुळातून चौपदरी महामार्ग गेला असेल, तर सहा वर्षांच्या मुलीस तो किलोमीटर ओलांडता येत नाही. मध्ये रेल्वेचे रूळ, पावसाळ्यात फुगणारा ओढा वा घाटाचा चढ असेल तर शाळा जवळ असूनही दूरच. 2010 च्या नियमांनी हेही ओळखले आहे. अवघड भूभाग, ओढेनाले, धोक्याचे रस्ते असतील तेथे अंतर कमी धरावे आणि जेथे जवळ शाळाच नाही तेथे मुलांस मोफत वाहन वा निवासाची सोय करावी, असे ते सांगतात. म्हणून आम्ही म्हणतो की, हद्द आखणाऱ्याने प्रथम त्या वाटेने पायी चालावे, तेही सकाळी दहाच्या सुमारास, आणि मग पेन्सिल हाती घ्यावी.

दुसरी अडचण पटाची. धाराशिव व बीड या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले जूनच्या पटावर असतात, जानेवारीत बहुधा नसतात. ज्या वस्तीची शाळा जूनमध्ये भरलेली दिसते ती हिवाळ्यात निम्मी होते. पटावरील नावे आणि बसपट्टीवरील मुले यांत किती अंतर पडू शकते, हे 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांच्या राज्यव्यापी पटपडताळणीत उघड झाले. पटावरील लाखो मुले प्रत्यक्षात हजर नव्हती. केवळ एका तारखेच्या आकड्यावर रेषा ओढली, तर ती रेषा कोणाला तरी लबाडीचे आणि कोणाला तरी अन्यायाचे कारण होईल. वर्षातून तीन वेळा मुले मोजावीत आणि स्थलांतरित मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करावी, म्हणजे पट आपोआप खरा बोलू लागेल.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण पालकांची. आणि येथे आम्ही आमच्या वाचकांशी प्रांजळपणे बोलू इच्छितो. हद्दबदलाचा विषय निघाला की सुशिक्षित पालकांच्या सभेत चार हरकती हमखास येतात. थोरली मुलगी त्या शाळेत असताना धाकट्यास दुसऱ्या शाळेत का घालावे? ज्या शाळेसाठी आम्ही घर घेतले, ती आमच्यापासून का हिरावावी? नव्या शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग नाही, त्याचे काय? आणि रस्ता ओलांडण्याची जबाबदारी कोणाची? या चारही हरकती रास्त आहेत. त्यांची उत्तरे पालकास न देता केवळ परिपत्रक काढणारे प्रशासन विरोधास पात्रच ठरेल. भावंडांची ताटातूट करू नये. जे मूल ज्या शाळेत शिकत आहे त्यास तेथेच शिकू द्यावे आणि नवी हद्द पहिलीच्या प्रवेशापासून लावावी. माध्यमाची सोय दोन्ही शाळांत सारखी करावी. रस्त्यावर मनुष्य नेमावा. एवढे केले की चार हरकती संपतात.

परंतु पाचवी हरकत उरते. ती सभेत बोलून दाखविली जात नाही. सभा संपल्यावर चहाच्या पेल्याबरोबर बोलली जाते. ‘आमचे मूल कोणाच्या शेजारी बसणार?’ ही ती हरकत होय. वस्ती जातीने व उत्पन्नाने वाटलेली असते, आणि शाळेची रेषा सरकली की वस्त्या मिसळतात. हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत 1954 च्या निकालाने वर्णाधारित शाळा घटनाबाह्य ठरल्या. तरीही 1974 साली बोस्टन शहरात न्यायालयाने मुलांची बसने अदलाबदल करण्याचा आदेश दिला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले. फ्रान्सने 1963 पासून शाळांच्या हद्दीचा नकाशा केला. 2007 साली तो शिथिल करण्यात आला. या दोन देशांच्या अनुभवातून एक गोष्ट शिकता येते. ज्या रेषा पालकांस विश्वासात न घेता आखल्या जातात, त्यांतून ऐपतदार पालक निसटतो आणि गरीब पालक तेवढा अडकतो. खासगी शाळेचे दार उघडे ठेवून केवळ सरकारी शाळांत हद्दी आखणे, म्हणजे गळक्या हौदात पाण्याची वाटणी करणे होय.

या संदर्भात 2024 साली आपल्याच राज्यात जे घडले ते विसरता कामा नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या असतात. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्य शासनाने नियम बदलले, आणि ज्या खासगी शाळेच्या 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जबाबदारीतून मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी त्यास स्थगिती दिली, 19 जुलै रोजी तो बदल रद्द ठरविला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जो किलोमीटर गरीब मुलास शाळा जवळ मिळावी म्हणून कायद्यात आला, तोच त्याच्यापुढे कुंपण म्हणून उभा करण्यात आला होता. श्रीमंताच्या मुलास त्याच एक किलोमीटरवर सरकारी शाळा आहे म्हणून कोणी तिकडे वळविले नाही. हद्द सर्वांना लागू व्हावी अथवा कोणालाच लागू नये. ती केवळ दुर्बलास लागू होणे हा न्याय नव्हे.

दुसऱ्या टोकास, ओस पडत चाललेल्या शाळांविषयी शासनाचा विचार काय आहे? सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले; पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले. राज्यात अशा शाळा 14,783 आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. या योजनेतील हेतूवर आम्ही संशय घेत नाही. दहा मुलांच्या शाळेत मुलांना सोबती, खेळ व विषयवार शिक्षक मिळत नाहीत हे खरेच आहे. पण शाळेचा पट घटला याचे कारण वस्तीत मुले नाहीत हे आहे, की मुले असूनही ती दुसरीकडे जातात हे आहे, याची छाननी आधी व्हावयास हवी. पहिल्या प्रकारात एकत्रीकरण योग्य ठरेल. दुसऱ्या प्रकारात शाळा बंद करणे म्हणजे शेजारच्या दाटलेल्या शाळेत आणखी मुले कोंबणे होय. येथे शाळांच्या हद्दी नीट आखल्या तर एका रेषेने दोन कामे साधतील. भरलेल्या शाळेचा भार उतरेल आणि रिकाम्या होत चाललेल्या शाळेस जीव येईल.

तेव्हा काय करावे? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांपैकी एकीसही नवा कायदा लागत नाही. पहिली, जिल्हा परिषदेने प्रत्येक वस्तीसाठी शेजारच्या शाळेचे नाव, तिची पटसंख्या, शिक्षकसंख्या व खोल्यांची संख्या ग्रामपंचायतीच्या फलकावर दरवर्षी मार्चपूर्वी लावावी. दुसरी, हद्दीत बदल करावयाचा असल्यास तो ज्या शाळांना लागू होणार त्या सर्वांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांची एकत्र सभा घ्यावी. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे; शाळेच्या विकासाचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. आजवर या समितीचे काम पोषण आहाराच्या हिशेबापलीकडे क्वचितच गेले. हद्दीचा विचार हा तिच्या अधिकाराचा खरा कस ठरेल. तिसरी, रेषा सरकविण्याआधी नव्या शाळेत शिक्षक व खोली दिली जावी. मुले आधी आणि शिक्षक मागाहून, हा क्रम पालकाचा विश्वास कायमचा घालवतो. चौथी, पाच वर्षांनी सर्व हद्दींचा फेरविचार व्हावा; गावे वाढतात, महामार्ग होतात, वस्त्या सरकतात.

या सूचनांस खर्च लागेल हे उघड आहे. पण आज ऐपतदार पालक महिनोन्महिने वाहनाच्या भाड्यावर जो पैसा घालवितो, आणि मुलाचा जो वेळ गाडीत जातो, तोही खर्चच आहे. तो अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच. धाराशिवसारख्या जिल्ह्यास, ज्याची गणना 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत होते, शिक्षणावरील रुपया विशेष जपून वापरला पाहिजे. दाटलेल्या शाळेत खोल्या बांधीत राहावे आणि शेजारच्या शाळेत बांधलेल्या खोल्या वटवाघळांस द्याव्यात, ही काटकसर नव्हे.

सुशिक्षित वर्गास उद्देशून एक शब्द सांगून आम्ही पुरे करतो. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत शाळा किती विरळ होत्या, हे आजही वृद्धांच्या तोंडून ऐकावयास मिळते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मराठवाड्यातील खेड्यास असे काही स्वप्नातही नव्हते. 1948 नंतर, आणि विशेषतः 1962 साली जिल्हा परिषदा आल्यावर, गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. आजच्या शहरी मध्यमवर्गातील कित्येक कुटुंबांची पहिली पिढी याच शाळांतून शिकून बाहेर पडली. त्या शाळांस आता आपण मागे टाकले आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये सरकारी नोकरांची मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालण्याची व्यवस्था करावी असा आदेश दिला होता. तो अंमलात आला नाही, कारण सक्तीने असे काही घडत नाही. स्वेच्छेने मात्र घडू शकते. एखाद्या आळीतील दहा घरांनी ठरवून आपली दहा मुले एकाच वर्षी शेजारच्या शाळेत घातली, तर त्या शाळेचा कायापालट होण्यास पाच वर्षे पुरतात. एकट्या पालकास ते धाडस वाटेल. दहा जणांस वाटणार नाही.

पुढील जूनपूर्वी येडशीत आणि येडशीसारख्या प्रत्येक गावात पालकांची अशी सभा भरावी, तीत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नकाशा घेऊन बसावे, आणि वस्तीवरून आलेल्या आईस बोलण्याची पहिली संधी मिळावी, अशी आमची मागणी आहे. सभेत वाद होतील. ते होऊ द्यावेत. आपले मूल कोठे शिकणार याविषयी पालक उघडपणे भांडू लागले, तर तो या जिल्ह्याच्या शिक्षणातील शुभशकुनच आम्ही मानू.